व्हॉल्व्ह हलत नाही

एटापल्ली,
१८ ऑक्टोबर १९५६

भाऊ,

दसऱ्याचं सोनं मनातल्या मनात तुझ्या आणि कमळावहिनीच्या हातावर ठेवलं, पाया पडले. नदी उतरली, डाकवाला पुन्हा आलापल्लीहून चालत यायला लागला, म्हणून हे पत्र. पावसाळाभर आम्ही बरणीतल्या लोणच्यासारखे पडून होतो.

बातमी आहे. मला दिवस गेले आहेत. डिसेंबर सरता सरता वेळ येईल.

मागच्या खेपेचं तुला ठाऊक आहे. भर पावसात घरात मी आणि बुधरी. बुधरी म्हणजे शेजारच्या टोल्यातल्या वस्तीवरची माडिया सुईण, हाताची चांगली. पण मूल आडवं होतं. मी वाचले, मूल नाही. हे तेव्हा लॉरी घेऊन आलापल्लीला गेले होते, नदीला पूर आला आणि पलीकडेच अडकले. तेव्हापासून मी एकच ठरवलं आहे, पुन्हा वेळ आली तर चांद्याच्या सरकारी दवाखान्यात.

आलापल्लीहून चांद्याची मोटार मिळते, पण तिथवर जायचं कसं? बैलबंडीत बसू नको, वाटेतल्या दगडांनी पोट ढवळून निघेल, असं बुधरीच म्हणते. खाटेवर घालून माणसं खांद्यावर नेतात, पण या गावातून खाटेवर गेलेलं कोणी परत आलेलं मी पाहिलं नाही. मी खाटेवर निजून जाणार नाही, हे यांना तोंडावर सांगितलं आहे. उरली ठेकेदाराची लॉरी, हे चालवतात ती. ती लढाईतली म्हातारी पावसाळ्यापासून आमच्याच अंगणात उभी आहे. पोळ्यानंतर यांनी तिच्या इंजिनाचं डोकं उतरवलं आणि घरापुढच्या सपरीत पोत्यावर मांडलं. म्हणतात, गाईड झिजले. केव्हा नीट होईल विचारलं तर म्हणतात, "पाहू." या 'पाहू'चा मला वीट आला आहे.

तू मिस्त्री आहेस. हे गाईड म्हणजे काय प्रकरण आणि घरच्या घरी कसे तपासायचे ते यांना नीट लिही. आमच्याकडे त्या लॉरीच्या हाडांची बडदास्त मात्र चोख आहे बरं का. इथल्या रीतीनं विळे, कुऱ्हाडी टोळीच्या तेलानं पुसते, तशीच तिचे व्हॉल्व्हसुद्धा पुसून आपापल्या भोकात ठेवते. मोहाच्या बियांचं हे तेल लावलं की लोखंडाला गंज शिवत नाही. घासलेट श्रावणातच संपलं, दिव्यातही हेच जळतं.

वहिनीला सांग, टोपडी शिवायला घे.

तुझी वच्छला


चांदा,
२७ ऑक्टोबर १९५६

जवाईबापू,

आमच्या घरून तुम्हाला रामराम आणि गोड बातमीबद्दल साखर. बहिणीनं पत्रात इंजिनाची तक्रार लिहिली आहे. लग्नात आम्ही तिला हंडा-कळशी दिली होती, पाना-पेचकस दिल्याचं आठवत नाही. तुम्हीच शिकवलेलं दिसतं.

आधी हे सांगा, धूर केव्हा येतो? चढावर ओझं ओढताना निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना भसकन येत असेल, किंवा उतार उतरून आल्यावर पुन्हा पाय दाबताना येत असेल, तर तेल गाईडमधून खाली उतरतं आहे. ते ठिणगी पाडणाऱ्या प्लगावर चढतं, प्लग मेला की गाडी भर वाटेत बसते.

आता तपासायचं कसं. वच्छे, तूही वाच, तुला कळेल असंच लिहितो. व्हॉल्व्ह म्हणजे लोखंडी छत्री. तिची दांडी ज्या नळीत वरखाली होते ती नळी म्हणजे गाईड. स्प्रिंग काढलेली असली की व्हॉल्व्ह बसल्या जागेवरून बोटभर उचलायचा, छत्रीची टोपी धरायची आणि आडवी हलवून पाहायची. नुसती गोल फिरली तर गाईड ठीक. इकडून तिकडे खडखडली तर झिजला. यंत्र नको, माप नको, बोटाला कळतं. फक्त एकाचा व्हॉल्व्ह दुसऱ्याच्या घरात जाऊ देऊ नका, माणसांसारखीच त्यांचीही एकमेकांशी सवय झालेली असते.

येत्या एक तारखेपासून आपण सगळे मुंबई राज्यात जाणार. आमच्या गॅरेजसमोरचा न्हावी विचारतो, आता समुद्र कुठपर्यंत येईल?

तुमचा,
रामाजी


एटापल्ली,
७ नोव्हेंबर १९५६

रामाजीभाऊंना लटारूचा नमस्कार.

धूर सकाळी येतो. उतार संपला की येतो. चढावर येत नाही.

तुम्ही सांगितलं तसं पाहिलं. दुपारी डोकं अंगणात उन्हात काढलं आणि एकेक व्हॉल्व्ह हलवला. बहुतेक खडखडतात. मागच्या अंगाचे दोन तर फारच. नवे गाईड पाहिजेत. चांद्यात नसतील तर नागपूरहून मागवा. ते बसल्याशिवाय मी गाडी काढणार नाही.

वच्छला घाई करते. तिला तुम्ही समजवा. जंगलात गाडी बसली म्हणजे काय होतं ते तिला माहीत नाही.

लटारू


एटापल्ली,
१४ नोव्हेंबर १९५६

भाऊ,

हे पत्र यांच्या नकळत लिहिते आहे. डाकवाल्याच्या हातात मी स्वतः देणार.

यांनी तुला काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. 'गाईड मागवले', एवढंच म्हणाले. त्यानंतर इंजिनाला हात नाही. ते डोकं सपरीत पडून आहे आणि मी येता-जाता त्याच्याकडे पाहते. हे रोज सकाळी विळा घेऊन निघतात आणि संध्याकाळी केसात धानाचा भुसा घेऊन येतात. आपल्याला शेत कुठे आहे? परवा विचारलंच.

"कोनाच्या बांधीत जाता जी?"

"इसरूच्या."

"काऊन?"

"कापणी हाय."

"आन् गाडी? ती कोन पाह्यल?"

"पाहू."

इसरू हा बुधरीचा भाऊ. त्याच्या धानासाठी यांना वेळ आहे, बायकोसाठी नाही. चांद्याचं नाव काढलं की उठून बाहेर जातात. गेलेल्या मुलाबद्दल आम्ही दोघं आजवर एक शब्द बोललो नाही. मी काही बोलले की हे झाडांकडे बघत बसतात. झाडांना इथे काय तोटा? दारातून साग, खिडकीतून साग, सागाच्या मागे पुन्हा साग. मला कोंडल्यासारखं होतं, भाऊ. पोट मोठं होतं आहे आणि अंगण लहान.

आता मनातलं सांगते. मला वाटतं यांना मी जायलाच नको आहे. माहेरी गेलेली बायको पुन्हा या जंगलात येईल की नाही, अशी भीती असेल. किंवा कसली तरी असेल. गाईड हा नुसता बहाणा असेल तर मला कळायला हवं. तू मागे लिहिलंस की बोटाला कळतं. मग माझ्या बोटाला काय झालं? मी काय करू ते पायरीपायरीनं लिही.

तुझी वच्छला


चांदा,
२१ नोव्हेंबर १९५६

वच्छे,

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी जेवली नाही. मीही अर्धाच जेवलो, पण माझं अर्धं म्हणजे तुला माहीत आहेच.

गाईड नागपूरहून निघालेत, आठवड्यात येतील. तोवर तू असं कर. लटारूजी शेतावर गेले की सपरीत बस. वाकू नकोस, पाट घे. जो व्हॉल्व्ह जिथे आहे तिथेच राहू दे. टोपी चिमटीत धरून बोटभर उचल आणि आडवी हलव. उगाच जोर नको, बाळाचा हात धरावा तसं धर. खडखड जाणवली तर तो झिजला. टोपी दाबल्यासारखी जागच्या जागी राहिली तर गाईड चांगला. सगळे पाहा आणि मला कळव.

एक सांगतो. माणसाबद्दल मला लवकर काही बोलवत नाही, पण आयुष्यभर लोखंडाशी बोललो आहे. माणूस एक सांगतो, मनात दुसरं असतं. लोखंड तसं करत नाही. ते जे सांगेल ते खरं धर.

आणि रडू नकोस. रडत असशील तर वहिनीला लिही, मला नको.

रामाजी


एटापल्ली,
२९ नोव्हेंबर १९५६

भाऊ,

केलं. हे सकाळीच गेले होते. कडाक्याची थंडी होती, सपरीत बसले तर दात वाजत होते. पाट घेतला, तू सांगितलंस तसं एकेक टोपी धरून उचलली आणि हलवली.

एकही व्हॉल्व्ह हलत नाही.

खडखड तर दूरच, काही तर उचलायलाच मला अंगठ्याचा जोर लावावा लागला. भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखे बसले आहेत. ज्या मागच्या दोघांबद्दल हे अंगणात बडबडत होते, ते तर सगळ्यांत घट्ट. मी दोनदा पाहिलं, कारण माझा विश्वास बसेना. मग बसला.

म्हणजे गाडी चांगली आहे आणि हे खोटं बोलतात. इतके दिवस मला जंगलानं अडवलं असं वाटत होतं. जंगलाला मी उगाच शिव्या दिल्या. मला माझ्या नवऱ्यानं अडवलं आहे, घराला कुलूप न लावता. संध्याकाळी हे आले, मी ताट वाढलं. त्यांनी विचारलं, "बरं नाई का तुले?" मी म्हटलं, "बरं हाय." एवढंच आमचं बोलणं. आता यापुढे काय बोलायचं तेही मला कळत नाही.

भाऊ, दिवस थोडे राहिले आहेत. बुधरीनं पोटाला हात लावून पाहिलं आणि तोंड फिरवलं. तिला विचारलं, बाळ आडवं आहे का? ती म्हणाली, "अजून फिरंल." तिनं माझ्याकडे बघून सांगितलं असतं तर मी मानलं असतं. मला इथून काढ.

हे पत्र आलापल्लीला निघालेल्या टोल्यातल्या लालसूच्या हाती पाठवते, तो तिथून डाकेत टाकील. त्याच्याबरोबर वहिनीच्या भेगांसाठी टोळीच्या तेलाची बाटली आहे, ती चांद्याच्या मोटारवाल्याकडून तुमच्याकडे येईल.

वच्छला


चांदा,
६ डिसेंबर १९५६

लटारूजी,

जवाईबापू लिहायला आज हात उठत नाही.

माझ्या बहिणीनं स्वतःच्या हातानं व्हॉल्व्ह पाहिले. एकही हलत नाही. तुम्ही मला लिहिलं, बहुतेक खडखडतात. मी ते खरं मानून नागपूरला माणसं धाडली. गाईड परवा आले. तुम्हाला गरज नाही हे कळल्यावर मी ते दुसऱ्या एका लॉरीला बसवून टाकले, त्या गरिबाची गाडी तरी चालेल.

तुमच्या मनात काय आहे ते तुम्हाला ठाऊक. तिला पाठवायचं नसेल तर तसं तोंडानं सांगायचं होतं, इंजिनाच्या आड लपायचं नव्हतं. आम्ही तुम्हाला बहीण दिली ती सांभाळायला, कोंडायला नाही. मागच्या वेळी तुम्ही तिच्याजवळ नव्हता. या वेळी जवळ असून काय करताय?

डोकं बसवा आणि तिला घेऊन निघा. दत्तजयंतीच्या आत ती चांद्यात दिसली नाही तर मी येतो, आणि मग मी पत्रात लिहितो तसा बोलणार नाही.

रामाजी


एटापल्ली,
१२ डिसेंबर १९५६

रामाजीभाऊंना नमस्कार.

पत्र मिळालं. वाचलं.

व्हॉल्व्ह खडखडत होते. तुम्ही दोघं म्हणता हलत नाहीत. मी आता काही म्हणत नाही. आज डोकं चढवलं. परवा सकाळी निघतो. बुधरी सोबत येते.

वाटेत गाडी बसली तर बसली. तिला चांद्याला पोचवायचं आहे, एवढं मला कळतं.

लटारू


चांदा,
१६ डिसेंबर १९५६

जवाईबापू, वच्छे, हे पत्र ज्याच्या हाती पडेल त्यानं दुसऱ्याला लगेच वाचून दाखवा.

गाडी काढू नका. काढली असेल तर जिथे असाल तिथे थांबा. चूक माझी आहे.

आज सकाळी तुझी वहिनी तेलाची बाटली उलटी धरून बसली होती. थेंब पडेना. मला म्हणाली, "तुमच्या बहिणीनं तूप धाडलं का जी?" मी बाटली हातात घेतली. आतलं तेल थिजून पांढरं झालेलं. तिनं बाटली चुलीपाशी ठेवली आणि ते सुटलं.

मी तसाच गॅरेजात गेलो. भंगारातला एक झिजका गाईड घेतला, त्यात तितकाच झिजका व्हॉल्व्ह, अगदी गदगदा हलणारा. वरून तुझं ते तेल चोपडलं आणि थंडीत बाहेर ठेवलं. थोड्या वेळानं हलवून पाहिलं तर खुंटीसारखा घट्ट. मग उन्हात धरला. तेल विरघळलं आणि पुन्हा गदगदा हलायला लागला.

वच्छे, तू पोळ्यापासून ते व्हॉल्व्ह टोळीच्या तेलानं पुसलेस. कडाक्याच्या सकाळी तू गाईडची झीज पाहिली नाहीस, थिजलेलं तेल पाहिलंस. लटारूजींनी उन्हात पाहिलं, त्यांना खरं दिसलं. आधी घासलेटनं दांडी आणि नळी धुऊन घ्यायची, हे मी तुला लिहायला पाहिजे होतं. आमच्याकडे ते सांगावं लागत नाही, म्हणून सुचलं नाही. वर लोखंड खोटं बोलत नाही अशी फुशारकी मारली.

जवाईबापू, मी तुम्हाला जे लिहिलं ते परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. तुम्ही दुसरं काही करू नका, फक्त थांबा. ज्याला गाईड दिले त्याच्याकडे आत्ताच निघालो आहे. हातापाया पडून ते परत काढून आणतो.

रामाजी


चांदा,
३ जानेवारी १९५७

तुम्हाला काय म्हणून सुरुवात करावी ते कळत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नव्हती. म्हणून सरळ लिहिते.

मुलगी झाली. जिवंत आहे. रडते तेव्हा शेजारच्या बाया उठून बसतात.

बाळ आडवंच होतं. डॉक्टरीणबाईंनी पोट कापून काढलं. म्हणाल्या, आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर दोघींपैकी एक तरी आमच्या हातून गेली असती. मला अजून उठू देत नाहीत, बसू देतात. हे पत्र भाऊ स्वतः घेऊन येतो आहे, सोबत नवे गाईड आणि त्याची हत्यारं. तो तुमच्यासमोर मान वर करणार नाही. त्याला फार ताणू नका.

त्याचं पत्र तुम्हाला मिळालं की नाही ते मला माहीत नाही. गाईड झिजलेलेच होते. घट्ट होतं ते माझं तेल. मीच चोपडलं, मीच पाहिलं, आणि तुम्हाला खोटं ठरवलं.

त्या दिवसाचं आता एकेक आठवतं. उतार संपला, गाडीनं निळा धूर टाकला आणि पुढच्या चढावर गचके खाऊन बसली. तुम्ही खाली उतरून प्लग काढले, पुसले, पुन्हा लावले. दोनदा चालू झाली, दोनदा बसली. मी बुधरीदेखत म्हणाले, "झालं का तुमचं नाटक?" तुम्ही ऐकलंत. तुमचे हात काळे होते आणि तुम्ही ते शर्टाला पुसत राहिलात. माझ्याकडे पाहिलं नाही.

मग मागच्या वळणावरून इसरू आणि त्याच्या टोल्यातले चैतू, दसरू, सुकलू चालत आले. तुम्ही गाडीच्या मागच्या भागातलं गवत बाजूला केलं, खालून खाट काढली. तिला धावड्याच्या लाकडाचे नवे दांडे बांधलेले होते. मी खाटेवर जाणार नाही म्हणाले. तुम्ही म्हणालात, "तुले चांद्याले जायचं होतं ना?" एवढंच. मी निजले. आलापल्लीपर्यंत डोळे मिटून होते, रागानं. खाटेचा एक दांडा तुमच्या खांद्यावर होता, हे मला उतरताना दिसलं.

आलापल्लीला चांद्याच्या मोटारीपाशी तुम्ही विचारलंत, "येऊ का मी?" मी म्हणाले, "गाडीपाशी थांबा, तीच तुमची." हे शब्द मला आता झोपू देत नाहीत.

मोटार सुटल्यावर मी बुधरीला विचारलं, ही माणसं नेमकी तिथे कशी आली? ती हसली. म्हणाली, "आली कशी? कबूल होती. लटारूनं त्याईचा धान कापला. कापणीत मानूस कोन देते? त्यानं आधी आपला घाम देल्ला, मंग त्याईचे खांदे मागले." आमच्या गावची रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. एकानं दुसऱ्याच्या बांधीत राबायचं आणि आपल्या गरजेला त्याला बोलवायचं. मी रोज तुमच्या केसातला भुसा पाहिला आणि तरी तो कोणासाठी आहे ते मला दिसलं नाही.

गाडी बसणार हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी माझ्या हट्टासाठी काढली. मी ज्याला कुलूप समजत होते तो माणूस मला बाहेर काढायची तयारी करत होता. माझं चुकलं. हे तोंडानं सांगायला तुम्ही समोर हवे होता.

एक विचारायचं आहे. तुम्ही मला का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर मी खाटेवर निजले नसते, हे खरं. पण निदान तुमच्याशी बोलले असते.

मुलीचं नाव ठेवायचं आहे. तुम्ही आल्याशिवाय ठेवणार नाही.

तुमची वच्छला


आलापल्लीच्या वाटेवर, गाडीपाशी,
१० जानेवारी १९५७

वच्छला,

तुझं पत्र भाऊंनी दिलं. मुलीचं वाचलं. मग बराच वेळ मी गाडीतून खाली उतरलो नाही. भाऊ बाहेर बसून बिड्या ओढत होते, त्यांनी हाक मारली नाही.

त्यांचं पत्र मला तुला सोडून परत आल्यावर डाकवाल्यानं इथेच दिलं होतं. टोळीचं तेल वाचून मला हसू आलं. तुझं घर फार नेटकं, त्याचंच हे झालं. आता भाऊंनी आणि मी डोकं उतरवलं, सगळं घासलेटनं धुतलं, गाईड बदलले. भाऊंनी मला प्रत्येक व्हॉल्व्ह हलवून पाहायला लावला. उन्हात पाहिला, सकाळी पाहिला. हलत नाही. गाडी चालू केली, धूर नाही. ठेकेदाराचं थोडं लाकूड डेपोत टाकून मी निघतो. भाऊंना गॅरेज आहे, ते आज मोटारीनं येतात, हे पत्र त्यांच्या हाती आहे.

तू विचारलंस, का सांगितलं नाही.

मागच्या खेपेला मी पूर आला म्हणून अडकलो नव्हतो. पूर नंतर आला. मी सकाळीच आलापल्लीहून निघालो होतो, बुधरीनं निरोप धाडला होता. गाडी इथेच, समोरच्या चढावर बसली. असाच धूर टाकला आणि बसली. प्लग पुसले, पुन्हा पुसले. इथून घर इतकं लांब नाही, पण वर पाऊस लागला आणि पुढचा नाला भरला. मी या झाडांमध्ये बसून होतो. घरी पोचलो तेव्हा झालेलं होतं. तुला पूर सांगितला, कारण पूर कोणाच्या हातात नसतो. गाडी माझ्या हातात होती.

या खेपेला गाडी पुन्हा इथेच बसेल हे मला वाटलंच होतं. म्हणून इसरूला म्हटलं, तुम्ही आधीच चालत निघा आणि चढापाशी थांबा. त्या वेळी माझ्या मागे कोणी नव्हतं. या वेळी चौघं होते.

आता यावर आणखी काही लिहिता येत नाही. आल्यावर बोलू.

मुलीच्या कानात वारा जाऊ देऊ नको. शनिवारी निघतो. गाडीनंच येतो, आणि हा चढ न थांबता चढतो.

लटारू